अर्थिंग एकाच टोकाला

राऊतकाकांनी २०१४ साली तळासरीत चहा पिणं सोडलं ते एका वाक्यामुळे. वाक्य त्यांना उद्देशून नव्हतं. ते त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना ऐकवलं गेलं होतं, आणि ऐकवणारा होता जिग्नेशभाई, तळासरीच्या हायवेजवळ छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवणारा. मी तेव्हा तिथेच होते, काकूंपासून चार हातांवर, आणि मीही तोंड उघडलं नाही. त्यामुळे आता साळसूदपणाचा आव आणत नाही. त्या माणसाचं नाक कापलं जावं असं मला पुढची पाच वर्षं मनापासून वाटत होतं.

काका डहाणूला आमचे शेजारी. चौतीस वर्षं रेल्वेत टेलिफोनच्या वायरींवर काम करून निवृत्त झालेले. घर रुळांच्या इतकं जवळ, की मालगाडी गेली की त्यांच्या फडताळातल्या वाट्या वाजायच्या. उंच, वाळलेला माणूस. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. कुणाच्या घरी गेले की आधी मीटरच्या पेटीकडे बघायचे, मग माणसांकडे. लग्नाला गेले तर मांडवातल्या साउंडवाल्याच्या मागे उभे राहून त्याच्या वायरी तपासायचे आणि जेवणाची पंगत चुकवायचे. वायर कोपरावर गुंडाळणारा माणूस दिसला, की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ते पुढे होऊन त्याच्या हातातून वायर काढून घेत, एक वेढा सरळ आणि एक उलटा असे वेढे घालून परत देत आणि म्हणत, "कोपरावर दोर गुंडाळतात. आत तांबं आहे, त्याला पीळ सोसत नाही."

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य अर्थिंगबद्दल होतं. रुळांवरच्या विजेच्या तारांमुळे शेजारच्या टेलिफोनच्या केबलमध्ये घरघर शिरते. ती अडवायला केबलभोवती तांब्याची जाळी असते, आणि त्या जाळीला जमिनीची वाट दिलेली असते. "अर्थिंग एकाच टोकाला," काका बोट वर करून सांगायचे. "दोन्हीकडे दिलंस की करंट आतल्या आत गोल फिरायला लागतो. चौतीस वर्षांत माझ्या लाइनवर घरघर नाही." हे मी एवढ्या वेळा ऐकलंय, की मराठी शिकवणारी बाई असूनही मला ते अर्ध्या झोपेत म्हणता येईल.

मी तळासरीच्या शाळेत शिकवते. रोज स्कूटरने जाऊन येऊन. संध्याकाळी परतले की काकूंच्या ओट्यावर चहा ठरलेला. काकूंचं माहेर वाढवणचं. त्यांच्या आईला आणि मावश्यांना हळदीची चाळीसेक गाणी येत होती, आणि त्या सगळ्या एकेक करून गेल्यावर ती गाणी एकट्या काकूंकडे उरली होती. डहाणू-आगरपासून लग्नघरच्या बायका हळद आली की काकूंना बोलावणं पाठवायच्या. त्यांचा आवाज गोड नव्हता. भरदार होता, थोडा खरखरीत, आणि त्या गायला लागल्या की हळद दळणाऱ्या बायका आपोआप त्यांच्या ठेक्याला लागायच्या. ती गाणी कुठेतरी राहायला हवीत, असं मीच काकांच्या डोक्यात भरवलं. स्टुडिओ मीच सुचवला. जिग्नेशभाई आमच्या स्नेहसंमेलनाला साउंड लावायचा, एवढीच माझी ओळख.

त्या दिवशी काका आमच्या आधी तासभर एकटेच तिकडे गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा ते मिक्सरच्या मागून धूळ झटकत बाहेर येत होते. त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मग काकू काचेआडच्या खोलीत मोठ्या माइकसमोर उभ्या राहिल्या. मी कोपऱ्यातल्या दुसऱ्या माइकवर, ओळ उचलायला. काका काचेबाहेर, जिग्नेशभाईच्या शेजारच्या खुर्चीत.

पहिलं गाणं झालं आणि आम्ही ते ऐकायला बाहेर आलो. माझा आवाज स्वच्छ होता. काकूंच्या आवाजाखाली मात्र एक जाड घरघर होती, दमेकऱ्याच्या छातीत असते तशी. काकू गायच्या थांबल्या की घरघर थांबायची, पुन्हा सूर लावला की पुन्हा सुरू. खरं तर जिग्नेशभाईच्या मशीनला एक सोय होती, कुणी गात नसलं की माइक आपोआप मिटायचा, आणि त्याच्याबरोबर आतली खरखरही. हे मला फार पुढे कळलं. त्या क्षणी मात्र घरघर काकूंच्या छातीतूनच येतेय असं कुणालाही वाटलं असतं.

जिग्नेशभाईने एकदा काकांकडे बघितलं, मग काकूंकडे.

"बेन, मशीनमध्ये काही नाही," तो म्हणाला. "घरघर तुमच्या गळ्यातच आहे. वय झालं ने. मी काय करणार?"

खोलीत जिग्नेशभाईची बायको होती, ढोलकी वाजवायला आलेले दोघे होते. कुणीतरी खोकल्याचं औषध सुचवलं. काकूंनी काकांकडे पाहिलं. काका टेबलावरच्या चहाच्या कपाकडे बघत होते. काकूंनी पदर सारखा केला आणि चपला घातल्या.

तळासरी लहान आहे आणि डहाणू काही फार मोठं नाही. महिन्याभरात आगरच्या एका हळदीला यजमानीणबाईंनी काकूंना मोठ्या मायेने विचारलं, "दम्याचं औषध चालू आहे ना तुमचं? बसूनच राहा, गाऊ नका." काकू बसून राहिल्या. त्यानंतर कुठल्याच हळदीला गेल्या नाहीत. घरातही गुणगुणणं बंद झालं. डाळ निवडताना त्यांचे ओठ हलायचे, आवाज येत नसे. ते बघून मला जो राग यायचा त्याला माझ्याकडे आजही मवाळ शब्द नाही.

डूख धरणं हा वाक्प्रचार मी वर्गात सापाचं उदाहरण देऊन शिकवायची. राऊतकाकांमुळे उदाहरण बदलावं लागलं. त्यांनी जिग्नेशभाईचं नाव टाकलं, ते त्याला 'तळासरीवाला' म्हणू लागले. पेन्शनच्या किंवा कुठल्या कामासाठी तळासरीला जायचं झालं की खांद्याला थर्मास. माझ्या स्कूटरवर मागे बसलेले असले की स्टुडिओची पाटी यायच्या आधीच मान उजवीकडे वळवायचे आणि नाका ओलांडला की विचारायचे, "गेला?" त्या दिवशीच्या घरघरत्या गाण्याची सीडी जिग्नेशभाईने हातात दिली होती, ती त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती. त्यांचं ठरलं होतं. घरातच स्टुडिओ बांधायचा, काकूंची सगळी गाणी रेकॉर्ड करायची, आणि मग तळासरीवाल्याच्या दुकानात जाऊन त्याच्याच स्पीकरवर, त्याच्या बायकोसमोर, आधी त्याची सीडी वाजवायची आणि मग आपली. "मधे एक शब्द बोलणार नाही मी," ते म्हणायचे. "नुसता उभा राहीन." कसं उभं राहायचं तेही त्यांनी मला करून दाखवलं होतं, हात मागे बांधून.

माझाही हातभार होता. जिग्नेशभाईची भाची माझ्या वर्गात होती. तिला मी कधी अर्धा मार्क कमी दिला नाही. पण स्नेहसंमेलनाच्या साउंडचं काम तीन वर्षं त्याच्याकडे जाऊ दिलं नाही. दर वेळी मीटिंगमध्ये मी शांतपणे म्हणायची, "त्यांच्या साउंडमध्ये घरघर येते." असं म्हणताना फार बरं वाटायचं.

मागची खोली रिकामी करून काकांनी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या. माइक आणि मशीन मुलाने नाशिकहून पाठवलं. राहिल्या वायरी, आणि वायरी निवडण्यात काकांनी जे काय केलं ते पाहून डहाणूचे दुकानदार त्यांना बघताच आत निघून जायला लागले. काका दुकानात वायर मागायचे, खिशातून ब्लेड काढायचे आणि टोक सोलून जाळी बोटांवर उलगडायचे. विरळ निघाली की परत. जाळीऐवजी नुसता चांदीचा कागद निघाला की परत, आणि वर दुकानदाराला दहा मिनिटं उपदेश. एकाने सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांची महागडी वायर काढून दाखवली. काका म्हणाले, "सोनं कानात घाला. मला आत काय आहे ते दाखवा." दीड मीटर लागत असेल तर दीडच मीटर घ्यायचे, वितभर जास्त नाही, कारण जादा वायर म्हणजे घरघरीला जादा जागा. विजेची वायर आणि माइकची वायर शेजारून न्यायची नाही, ओलांडायचीच झाली तर काटकोनात. समुद्राच्या हवेने तांबं हिरवं पडतं म्हणून प्रत्येक सांध्यावर त्यांनी लाख चढवली. आणि रेल्वेतल्या सवयीने प्रत्येक वायर मेणाच्या दोऱ्याने बांधायची, बोटभर अंतरावर गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत.

विकत आणलेली वायर ते कधी तशीच वापरत नसत. दोन्हीकडच्या पिना उघडायचे, सगळं स्वतःच्या हाताने पुन्हा डाखायचे. जाळी माइककडे जोडलेली, मशीनकडे कापून वर रबराची टोपी. अर्थिंग एकाच टोकाला.

आणि मग हेडफोन लावायचे, आणि घरघर यायची.

वायर बदलली, घरघर. मुंबईहून जाड जाळीची मागवली, घरघर. चार तारांची मागवली, तरी घरघर. दोन वर्षांत अकरा वायरी झाल्या. भिंतीवर अकरा खिळे, प्रत्येकावर एक वेटोळं, खाली चिठ्ठी. कधी दोष रुळांवरच्या तारांचा, कधी खाऱ्या हवेचा, कधी दुकानदारांच्या सगळ्या जातकुळीचा. काकांना त्या घरघरीवरून मालगाडी अप आहे की डाउन तेसुद्धा ओळखता यायचं. मी एकदा म्हटलं, "काका, बाजारातली तयार वायर तशीच लावून बघू या का एकदा?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलून चिकूवर आणला.

काकू त्या खोलीत कधी गेल्या नाहीत. दारापर्यंत चहा आणायच्या आणि काकांनी "आता जवळजवळ साफ आहे, तू एकदा येऊन बघ," असं म्हटलं की विचारायच्या, "घरघर गेली?"

"थोडी आहे."

"मग ती माझ्याच गळ्यातली असेल," असं म्हणून रिकामा कप घेऊन निघून जायच्या. यात मला तेव्हा फक्त दुःख ऐकू यायचं. माझे कान काही फार तयार नव्हते.

२०१८च्या हिवाळ्यात डहाणू-तळासरीकडची जमीन हलायला लागली. गंजाडपासून तळासरीपर्यंत लोकांनी अंथरुणं अंगणात टाकली, आमच्या शाळेचे वर्ग मैदानात भरू लागले. जिग्नेशभाईच्या स्टुडिओची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली आणि त्याने सामान विकायला काढलं. ही बातमी मीच काकांना दिली. भिंत तडकल्याचं सांगताना माझ्या आवाजात जे काही होतं ते चांगलं नव्हतं.

काकांनी खिशातला टेस्टर काढून पुन्हा आत ठेवला. मग म्हणाले, "त्याची त्या दिवशीची वायर हवी मला. मोठ्या माइकची. उघडून हिच्यासमोर ठेवतो. पुरावा."

आम्ही गेलो. थर्मास बरोबर होता. जिग्नेशभाई केस पिकून, पोट सुटून खुर्च्या एकावर एक रचत होता. काकांना बघून त्याचा चेहरा खरोखर खुलला, याचाच मला राग आला.

"आवो साहेब, किती वर्षांनी! बसा ने."

काका बसले नाहीत. "२०१४ला मोठ्या माइकला जी वायर होती ती आहे का? विकत हवी आहे."

"विकत कशाला? तुमचीच तर आहे." तो आत गेला आणि एक वेटोळं घेऊन आला. एक वेढा सरळ, एक उलटा. वर मेणाच्या दोऱ्याच्या गाठी, सगळ्या एका रेषेत. "त्या दिवशी तुम्हीच बनवून आणलेली, माझी काढून ही लावलेली. तुम्ही गेल्यावर मी माझी परत लावली. ही द्यायला यायचं होतं, पण वाईट दिसलं असतं."

"वाईट का?" मी विचारलं.

त्याने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टीचर, घरघर हिच्यातच होती. माझी वायर लावली, एकदम साफ."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"साहेब समोर बसलेले. वडील माणूस, रेल्वेतला. एवढ्या हौसेने हाताने बनवून आणलेली वस्तू. तोंडावर कसं सांगणार, की खराब आहे?" तो खांदे उडवून म्हणाला, "बेन काही बोलणार नाहीत असं वाटलं. म्हणून बेनवर ढकललं."

इतकं साधं होतं ते. पाच वर्षं मी या माणसाला उद्धट समजत होते. तो उद्धट नव्हता, नम्र होता. काकांशी नम्र. आणि त्या नम्रपणासाठी त्याने एका बाईचा गळा खर्ची घातला होता आणि रात्री शांत झोपला होता. मला त्याच्या तडकलेल्या भिंतीचं पुन्हा एकदा बरं वाटलं.

काका वायरीकडेच बघत होते. "अर्थिंग एकाच टोकाला बरोबर असतं," ते म्हणाले.

"रेल्वेत असेल साहेब. तिथे मैलभर केबल. माइकला दोन्हीकडे जाळी जोडावी लागते, नाहीतर माइक उघडाच पडतो." त्याने ते एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं आणि चहा मागवला. काकांनी तो चहा प्यायला. बहुतेक त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

परतीच्या वाटेवर ते मांडीवर वायर घेऊन स्कूटरवर मागे बसले होते. डहाणूचं फाटक बंद होतं, तिथे मी इंजिन बंद केलं. तेव्हा मागून आवाज आला, "मला शंका आली होती."

"कधी?"

"त्याच दिवशी. ती घरघर मी चौतीस वर्षं ऐकलीय. गळ्यातली नव्हती ती, विजेची होती, मला पहिल्या ओळीलाच कळलं. पण विजेची म्हटलं तर वायर कुणाची ते निघालं असतं. चार माणसं होती तिथे." गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवू लागले. "मग मी मनाशी म्हटलं, वायर त्याचीच, दोषही त्याचाच. आणि पुढे तेच खरं धरून चाललो."

मी स्कूटर सुरू केली. मला त्यांना तिथेच उतरवून पायी पाठवावंसं वाटलं, हे मात्र खरं.

काकू ओट्यावर डाळ निवडत होत्या. काकांनी वायर त्यांच्या सुपाशेजारी ठेवली. काकूंनी एका गाठीवरून अंगठा फिरवला.

"सापडली म्हणायची," त्या म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"आदल्या दिवशी माझ्याच पोळपाटावर ठेवून बांधलीत ना. तुमच्या विजेचं मला काही कळत नाही. पण तो माणूस बोलला तेव्हा तुम्ही कपात बघत होतात. तुम्ही कपात कधी बघता ते मला कळतं." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "पाच वर्षं तुम्ही त्याच्या नावाने बोटं मोडलीत. मी तुमच्या."

दुसऱ्या दिवशी काकांनी भिंतीवरच्या अकराही वायरी उतरवल्या. सकाळपासून दुपारपर्यंत एकेकीच्या रबराच्या टोप्या काढून, कापलेली जाळी ओढून घेऊन, दुसरं टोक डाखत राहिले. जेवले नाहीत. चार वाजता मी शाळेतून आले तेव्हा पहिली वायर लावून झाली होती. हेडफोनमध्ये काहीही नव्हतं. मागून मालगाडी गेली, वाट्या वाजल्या, गादीच्या भिंतीतून लांबचा धडधडाट आला, पण घरघर नव्हती.

काकूंची एकेचाळीस गाणी आज माझ्याकडे आहेत. पुढच्या दोन महिन्यांत त्या रोज चारनंतर गायल्या, त्याच भरदार, खरखरीत आवाजात, आणि मी ओळ उचलली. जिग्नेशभाईच्या दुकानात जाऊन हात मागे बांधून उभं राहणं मात्र राहूनच गेलं, तिथे आता टायरचं दुकान आहे. काका-काकू नाशिकला मुलाकडे गेले. पण त्या मशीनमधलं पहिलं रेकॉर्डिंग गाण्याचं नाही, आणि काका मला आठवतात ते त्या रेकॉर्डिंगमधले.

वायर साफ झाली त्या दिवशी काकू पहिल्यांदा त्या खोलीत आल्या. हात पुसत, पदर खोचून. काकांनी लगबगीने माइक त्यांच्या उंचीला खाली केला. "ये. गा आता."

"तुम्ही बसा," काकू म्हणाल्या.

"मी कशाला?"

"त्या दिवशी त्या खोलीत जे बोलायचं राहिलं ते बोला. या बाई समोर आहेत, त्याही होत्या तेव्हा. मला ऐकायचंय." एक हेडफोन त्यांनी स्वतःच्या कानाला लावला, दुसरा माझ्या हातात दिला.

काका स्टुलावर बसले. माइक त्यांच्या छातीशी होता, म्हणून वाकले. उरलेली वायर त्यांच्या हातात होती, एक वेढा सरळ, एक उलटा. दोनदा घसा साफ केला.

"घरघर हिची नाही," ते म्हणाले. "वायर माझी आहे."

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. माझ्या कानात काकांचा शब्द न् शब्द लख्ख होता. त्यांनी आवंढा गिळला तोही ऐकू आला.

"घरघर येतेय," काकू म्हणाल्या. "परत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं असतं तर संपलं असतं. मी मशीनच्या दिव्यांकडे बघत राहिले.

ते पुन्हा वाकले. "घरघर हिची नाही. वायर माझी आहे."

"परत," काकू म्हणाल्या.